शेड्यूल फोर

नारायण पेठेत माणसाला आडनाव असतं, घरनंबर असतो आणि शिवाय पेठेनं दिलेलं एक नाव असतं. पहिली दोन पोस्टमनच्या कामाची. माणूस शोधायचा असेल तर तिसरंच लागतं. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सरांना पेठ 'शेड्यूल फोर' म्हणते. तोंडावर अर्थातच 'सर'.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सर कापडी पिशवी घेऊन पत्र्या मारुतीकडून लक्ष्मी रस्त्याकडे निघाले की वाटेतल्या वडापावच्या गाडीवर लगबग उडते. मालकाच्या खांद्यावरचं फडकं गुपचूप गाडीखाली जातं. चटणीच्या डब्याला झाकण सापडतं. पैसे घेणारा हात आणि पाव देणारा हात एरवी एकाच माणसाचे असतात, ते पाच मिनिटांपुरते दोन माणसांत वाटले जातात. सर काही बोलत नाहीत. कढईपाशी थांबतात, तेलाचा रंग बघतात, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघतात.

"घ्या ना सर एक, गरम आहे."

"तेल कधी बदललं?"

"सकाळीच."

"कुठल्या?"

एवढं विचारून सर पुढे जातात. कोपऱ्यावर वळले की फडकं खांद्यावर परत येतं. सरांना ते माहीत आहे. एकदा मीच त्यांना म्हटलं की तुमचा धाक पाच मिनिटांचा आहे. तर म्हणाले, "पाच मिनिटांत बारा वडे गेले. बारा माणसं झाली." तेलाच्या बाबतीत मात्र त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद, हा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे आणि ते मोजायला मीटर लागतो. तो मीटर महाग असतो. सरांनी तो घेतला तेव्हा काकू चार दिवस बोलत नव्हत्या.

आता नावाची गोष्ट. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा झाला २००६ मध्ये. १९५४ चा जुना भेसळीचा कायदा जाऊन हा प्रत्यक्षात लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्यातल्या परवान्याच्या नियमांना मागे शेपटासारखी परिशिष्टं आहेत, त्यातलं चौथं म्हणजे शेड्यूल फोर. नखं, पाणी, गटार, उंदीर, पोत्यांखालची फळी, ताप आलेला आचारी, नाकाला लागलेला हात, असा सगळा संसार त्यात आहे. हॉटेलवाले परवान्याचा चौदा आकडी नंबर भिंतीवर लावतात आणि कायद्याला हार घातल्यासारखे मोकळे होतात. परिशिष्टापर्यंत कुणी जात नाही. सर परिशिष्टातूनच आत शिरले आणि तिथंच राहिले.

ते मूळचे अन्नतंत्रज्ञानाचे पदवीधर. तीस-एकतीस वर्षं एका बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटीला होते. त्या काळाबद्दल फारसं बोलत नाहीत. "बिस्कीट सांगाल ते ऐकतं," एवढंच म्हणतात. ते निवृत्त झाले आणि २०१७ मध्ये 'फॉस्टॅक' नावाची योजना आली. दर पंचवीस कामगारांमागे एक तरी शिकलेला, परीक्षा दिलेला अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा. आता हिशेब मांडा. एकट्या पुण्यात हॉटेलं, खाणावळी, केटरर, डबेवाल्या, मिठाईवाले किती? त्यांचे पर्यवेक्षक किती? त्यांना शिकवणारे प्रशिक्षक किती? आणि त्या प्रशिक्षकांना शिकवणार कोण? या शेवटच्या 'कोण'च्या खुर्चीत सर जाऊन बसले. ते प्रशिक्षकांचे प्रशिक्षक आहेत. प्रशिक्षक हा मुलगा धरला तर पर्यवेक्षक नातू आणि कढईपाशी उभा असलेला आचारी पणतू. पुण्यातल्या पुष्कळ आचाऱ्यांना आपले पणजोबा नारायण पेठेत राहतात याचा पत्ता नाही.

माझा या विद्येशी संबंध आला तो मराठीमुळे. एका रविवारी सर कागदांचा गठ्ठा घेऊन वर आले. म्हणाले, "तुम्ही लिहिता ना? हे जरा माणसांच्या भाषेत करून द्या." पहिलं वाक्य असं होतं: 'खाद्य व्यवसाय परिचालकाने परस्पर-संदूषण टाळण्यासाठी यथोचित उपाययोजना अवलंबावी.'

"हे कुणासाठी आहे?"

"मिसळवाल्यासाठी."

"तो हे वाचून मिसळ सोडेल."

"म्हणून तर आलो."

संदूषणापाशीच आम्ही अडलो. कच्च्या मांसाचं पाणी चिरलेल्या कोथिंबिरीवर ठिबकलं, अंड्याचा हात तसाच पोळीला लागला, म्हणजे संदूषण. मी सहज म्हटलं, "आपल्याकडे याला तयार शब्द आहे की. शिवाशिव."

सरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा गंभीर होतात, घालतात तेव्हा नुसते कडक असतात. "तो शब्द नको. तो आपल्या आज्यांनी वापरून नासवलाय. आमच्या आजीच्या सोवळ्यात माणूस कोण हे बघत. हात धुतलेला आहे का, हे कुणी बघत नसे. माणसं दाराबाहेर उभी राहायची, अंगणातून परत जायची. आणि तीच आजी ओल्या सोवळ्यात बसून तपकीर ओढायची आणि त्याच बोटांनी पुरण वाटायची." मग चष्मा घालून म्हणाले, "लिहा, 'कच्च्याचं शिजलेल्याला लागू देऊ नका.' लांबलं तरी चालेल."

मी तसंच लिहिलं. तेव्हापासून मी त्यांचा भाषेचा कारकून आहे आणि त्या नात्यानं एका प्रशिक्षक वर्गाला जाऊन बसलो.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. ज्या दिवशी मुहूर्त नसतो त्या दिवशी हॉल स्वस्तात मिळतो. मागच्या भिंतीवर आदल्या लग्नातली थर्मोकोलची दोन नावं अजून लटकत होती आणि त्यांच्या खाली सर उभे. समोर हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजातले एक प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या दोन मुली, स्वतःला 'शेफ' म्हणवून घेणारा एक केटरर, सैन्यातल्या मेसमधून निवृत्त झालेले एक सुभेदार, आणि आणखी वीसेक माणसं. सर्वांची पात्रता कागदोपत्री भरभक्कम. सरांनी दारात उभं राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सर एरवी लांबून नमस्कार करतात.

दीड तास जिवाणूंची वंशावळ झाली, मग चहा झाला, समोसा झाला. चहानंतर सरांनी दिवे घालवले, पडदे ओढले आणि पिशवीतून जांभळ्या उजेडाची एक बॅटरी काढली. आधी स्वतःच्या उजव्या तळहातावर मारली. हात काजव्यासारखा पेटला. जांभळ्या उजेडात चमकणारी एक निरुपद्रवी पावडर असते, ती ते सकाळी हाताला चोळून आले होते. मग बॅटरी हॉलभर फिरू लागली. दाराची कडी चमकली. चहाच्या कपांचे कान चमकले. बशीत उरलेलं समोश्याचं टोक, सगळ्यांच्या मोबाइलच्या पाठी, शेफच्या पँटचा मागचा खिसा, एका मुलीच्या कपाळावरची बट. प्राध्यापकांच्या मिशा तर दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या लागल्या होत्या. माझ्या डाव्या कानाची पाळी हिरवी निघाली. मी कान कधी आणि का धरला, ते मला आजतागायत आठवत नाही. सुभेदारांचा फक्त तळहात चमकत होता, बाकी माणूस पूर्ण अंधारात. त्यांनी चहा घेण्याआधी हात धुतले होते, पण पाणी कमी होतं.

"हे जंतू होते असं समजा," सर अंधारातून म्हणाले. "समजा कशाला, होतेच. ते चमकत नाहीत एवढंच. चमकत असते तर माझी गरज नव्हती."

मग हात धुण्याचा धडा. साबण लावून वीस सेकंद चोळायचे. जगभर यासाठी वाढदिवसाचं इंग्रजी गाणं दोनदा म्हणायला सांगतात. सरांनी ते पहिल्या वर्षीच रद्द केलं, कारण मेसमधल्या पोळ्या लाटणाऱ्या बायका ते म्हणेनात आणि जे म्हणत ते शेवटी टाळ्या वाजवत, म्हणजे साबण उडे. सरांनी स्टॉपवॉच लावून पाहिलं. 'गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया' हे न घाईनं पाच वेळा म्हटलं की बरोबर वीस सेकंद होतात. अन्य धर्मीयांसाठी आणि नास्तिकांसाठी पाचाचा पाढा चार वेळा. प्राध्यापकांनी पाढा निवडला आणि पाच सक पाशी अडखळले, त्यामुळे त्यांचे हात वर्गात सगळ्यात स्वच्छ निघाले.

त्या वर्गातला माझा सर्वात आवडता प्रसंग थर्मामीटरचा. सुईसारखा टोकदार थर्मामीटर अन्नात खुपसून मधलं तापमान बघायचं, पण आधी तो खरा की खोटा हे तपासायचं. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात शंभर. बर्फाचं जमलं. उकळत्या पाण्यात सगळ्यांचे काटे अठ्ठ्याण्णवाला येऊन थांबले. शेफ म्हणाला, माल चायनाचा दिसतोय. एका मुलीनं गॅस वाढवला. पाणी धो धो उकळतंय, काटा अठ्ठ्याण्णव. सर खिडकीतून बाहेर बघत उभे होते, खुशीत. ही घटका ते प्रत्येक वर्गात जपून ठेवतात. "पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथं पाणी अठ्ठ्याण्णवालाच उकळतं. शंभर मुंबईला."

मागून सुभेदार म्हणाले, "म्हणजे पुणेकर दोन डिग्री आधीच तापतो." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

सरांचं स्वतःचं असं एक मत आहे आणि ते कुठल्याही नियमावलीत नाही. अन्न जसं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना थंड होतं, तसा नियम एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ओतताना थंड होतो. ते सांगतात, पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतचा पट्टा धोक्याचा. थंड अन्न पाचाच्या खाली ठेवा, गरम साठाच्या वर. प्रशिक्षक पर्यवेक्षकाला सांगतो, साठ हा आकडा लक्षात ठेवा. पर्यवेक्षक आचाऱ्याला सांगतो, साठ लक्षात ठेव, साहेब विचारतील. एका हॉटेलात सरांनी आचाऱ्याला विचारलं तेव्हा तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "साठाच्या वर कुणाला बसवत नाही, सर. खुर्च्याच तेवढ्या आहेत." म्हणून सर प्रशिक्षकांना आकडा पाठ करू देत नाहीत, कारण सांगायला लावतात. सुभेदारांना हे पटलं नव्हतं. त्यांच्या मते जवानाला 'का' सांगायचं नसतं. सर म्हणाले, "पुणेकर 'का' सांगितल्याशिवाय ऐकत नाही. सांगितल्यावरही ऐकत नाही, पण निदान भांडण मुद्द्यावर होतं."

या शिडीच्या खालच्या टोकाला कधी कधी असं माणूस भेटतं की शिडीच उलटी धरावी. आमच्या पेठेत अभ्यासिका आणि मेस यांची संख्या देवळांच्या बरोबरीला आली आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं जिल्ह्याजिल्ह्यातून येतात, दिवसभर अभ्यासिकेत आणि दोन वेळा मेसला. अशाच एका मेसच्या मावशी पर्यवेक्षकाच्या वर्गाला आल्या होत्या. चाचणीत प्रश्न होता: 'शिजवलेला भात उघड्यावर किती वेळ ठेवता येईल?' खाली चार पर्याय. मावशींनी चारही सोडून खाली पेननं पाचवा लिहिला: 'उरतच नाही.'

तपासणाऱ्या प्रशिक्षकाला काही सुचेना. त्यानं पेपर सरांकडे आणला. सरांनी पूर्ण गुण दिले. वर शेरा मारला, 'धोक्याचे मूळच नाही.' हॅसपचं सार यापेक्षा वेगळं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. हॅसप म्हणजे अन्नात धोका कुठं शिरू शकतो ते आधीच हेरून तिथं पहारा बसवण्याची पद्धत. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी ती निघाली. सर ती वर्गात एका वाक्यात सांगतात: "वर गेल्यावर पोट बिघडलं तर काय करायचं, या काळजीतून हे शास्त्र जन्मलं." मावशींनी हात वर करून विचारलं होतं की वर म्हणजे किती वर.

मावशींकडे जेवणारी मुलं मात्र वेगळा नमुना. सरांनी एकाला जिन्यात गाठून विचारलं, अन्नसुरक्षा कायदा कधीचा? मुलानं कायद्याचं साल, लागू झाल्याची तारीख, आधीचा कायदा, संबंधित मंत्रालय, सगळं उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. "आणि जेवायच्या आधी हात धुतलास का?" मुलगा विचारात पडला. हा प्रश्न मागच्या दहा वर्षांत कधी आला नव्हता.

घरी सर कसे असतात हे मला काकूंकडून कळतं, आणि थोडंसं त्यांच्या फ्रिजच्या दारावरून. काकूंचा आवडता नाश्ता फोडणीचा भात. सरांचा सगळ्यात मोठा शत्रूही तोच. भातात बॅसिलस सीरियस नावाचा एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजतानाही मरत नाहीत. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात जे सकाळच्या फोडणीनंही जात नाही. वीस मिनिटाला दुप्पट या हिशेबानं एकाचे सात तासांत २० लाख ९७ हजार १५२ होतात. सर हा आकडा पानावर बसताना सांगतात. काकू म्हणतात, तुमच्या आईनं चाळीस वर्षं फोडणीचा भात खाऊ घातला तेव्हा कुठं होते हे बॅसिलस? यावर सर गप्प बसतात. कारण आई त्यांची दुखरी जागा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं होतं. आईनं भिजलेलं धान्य, डाळी, लोणच्याची बरणीसुद्धा उकिरड्यावर टाकली आणि त्यानंतर जन्मभर पाणी उकळून दिलं. कुणी शिकवलं नव्हतं. तीच आई भात मात्र ओट्यावर झाकून ठेवायची.

शेवटी तह झाला. रात्रीचा उरलेला भात परातीत पसरायचा, वाफ गेली की पसरट डब्यात भरून तासाच्या आत फ्रिजमध्ये, आणि डब्यावर चिठ्ठी. मी ती चिठ्ठी पाहिली आहे. सरांच्या टपोऱ्या अक्षरात: 'भात. मंगळवार. रात्री ९.४०.' आणि खाली सही. त्याच्या खाली काकूंच्या अक्षरात: 'उद्या फोडणीला. कांदा घालणार. हरकत असल्यास सकाळी ८ पूर्वी कळवावी.'

वर्तमानपत्रावरून पेठेत एकदा थोडं वाजलं होतं. छापील कागदात खायचं बांधू नये, शाई अन्नात उतरते, अशी सूचना डिसेंबर २०१६ मध्ये निघाली आणि पुढे तो नियमच झाला. ज्या पेठेत 'केसरी'चा वाडा आहे तिथं भज्याखालून वर्तमानपत्र काढून घेणं म्हणजे जरा जास्तच. कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "आम्ही सत्तर वर्षं अग्रलेखावर भजी खाल्ली, आम्हाला काय झालं?" सर म्हणाले, "ते तुम्ही मतदान करता तेव्हा कळतं." दोघं अजून बोलत नाहीत.

लग्नकार्यात सर एका खिशात अक्षता आणि दुसऱ्या खिशात थर्मामीटर घेऊन येतात. पंगतीत नाही, बुफेत. रांगेत शांतपणे उभे राहतात, ताट घेतात, मसालेभातापाशी आले की इकडेतिकडे बघून सुई भातात घालतात आणि ओठ हलवत आकडा वाचतात. मागची रांग देवाचं काही चाललंय असं समजून थांबते. एकदा केटररच्या माणसानं हटकलं. "काका, आपण मुलाकडचे की मुलीकडचे?" "जेवणाऱ्यांकडचे," सर म्हणाले.

भाद्रपदात मात्र प्रकरण घरात येतं. गणेश चतुर्थीला काकू उकडीचे एकवीस मोदक करतात, नारळ खवायचं काम सरांकडे. उकड सत्तरावर गेली असेल, पण सारणाचा मध्य? खोबरं ओलं, गूळ ओला, भाद्रपदातली हवा. सरांच्या मनात पाल चुकचुकते. लग्नानंतर पहिल्यांदा थर्मामीटर विकत आणला त्या वर्षी त्यांनी वाफेतून काढलेल्या मोदकात सुई घातली. पंचाहत्तर पूर्ण आले. सर समाधानानं म्हणाले, छान. काकूंनी मोदकाकडे पाहिलं. बाजूला बारीक भोक आणि त्यातून सारणाचा एक थेंब.

"हा नैवेद्याला चालायचा नाही."

"का? सुरक्षित आहे."

"भोक आहे."

"एक मिलिमीटर."

"गणपतीला दिसतं."

त्यावर पुरोहितांना फोन झाला. गुरुजींनी शास्त्रात असा उल्लेख नाही असं सांगून सुटका करून घेतली. तेव्हापासून त्या घरात बावीस मोदक होतात. एकवीस देवाचे आणि बावीसावा नमुना. तो वेगळ्या वाटीत असतो, त्याच्यावर वेळेची चिठ्ठी असते, आणि आरती होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, म्हणजे सोवळ्यात नैवेद्यापेक्षा तोच जास्त. मागच्या वर्षी तो मला मिळाला. चव उत्तम होती, फक्त भोकातून पाक गळून शर्टावर आला.

आता यंदाची गोष्ट. अन्न व औषध प्रशासन गणेश मंडळांना महाप्रसादासाठी नोंदणी करायला सांगतं, स्वच्छतेच्या सूचना देतं. आमच्या गल्लीतल्या मंडळानं यंदा हे फारच मनावर घेतलं, कारण मंडळाचा एक कार्यकर्ता, ढोल पथकातला, दंडावर गणपती गोंदवलेला, पर्यवेक्षकाची परीक्षा पास झाला होता. त्याला शिकवलं सुभेदारांनी. म्हणजे हा सरांचा नातू झाला. सर चार दिवस सगळ्यांना सांगत होते, आपला नातू प्रसाद करतोय. सर कुणाला सहसा 'आपला' म्हणत नाहीत.

महाप्रसादाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मंडपाच्या मागं ताडपत्री लावून स्वयंपाकघर केलेलं. तोंडाशी टेबल, टेबलावर रजिस्टर, बाजूला पाण्याचं पिंप, साबणाची बाटली. सर रजिस्टर बघूनच खुलले. आत मसालेभाताचं पातेलं, बुंदीचे डबे फळीवर, जमिनीला काही टेकलेलं नाही. सर आत पाऊल टाकणार तोच मुलगा आडवा आला.

"सर, नाव लिहा."

सरांनी लिहिलं.

"टोपी."

सरांनी घातली. कान झाकले गेले आहेत ना, हे त्यांनी स्वतःच चाचपून पाहिलं.

"अंगठी."

इथं अडलं. अंगठी लग्नातली, बोट नंतर वाढलेलं. मुलगा म्हणाला, बघू. त्यानं सरांचा हात हातात घेऊन अंगठी ओढून पाहिली, फिरवून पाहिली. निघेना. आणि तेवढ्यात त्याचं लक्ष शेजारच्या बोटाकडे गेलं. चतुर्थीला नारळ खवताना खवणी लागली होती, त्यावर काकूंनी धोतराची चिंधी बांधली होती.

"हे काय?"

"खवणी."

"जखम असेल तर आत येता येणार नाही, सर. निळी पट्टी आणि वर हातमोजा. नाहीतर बाहेर."

निळी पट्टी, कारण आपल्या जेवणात निळं काही नसतं. भातात पडली तर लगेच दिसते. हे सरांनीच सुभेदारांना शिकवलेलं, पिशवीतून पट्ट्या काढून वाटलेल्या. पिशवी घरी राहिली होती. रांगेतली माणसं बघायला लागली. कट्ट्यावरचे अग्रलेखवाले आजोबा द्रोण हातात घेऊन मुद्दाम दोन पावलं पुढे आले. नारायण पेठेत अशा वेळी 'मी कोण आहे ठाऊक आहे का' हे वाक्य म्हणायची रीत आहे. मी ते येणार म्हणून वाट बघत होतो. सरांनी टोपी काढली, घडी केली, टेबलावर ठेवली आणि बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. चेहरा लालबुंद. मला वाटलं, रागानं. मग पाहिलं तर माणूस हसू दाबत होता.

मुलगा आत वळला. सर एकदम खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "हात!"

मुलगा थबकला. अंगठी ओढलेल्या आपल्या हाताकडे त्यानं पाहिलं आणि पिंपाशी गेला. ताडपत्रीआड पाण्याचा आवाज आला, बाटली दाबल्याचा आवाज आला, आणि मग ढोल पथकात कमावलेल्या आवाजात, "गणपती बाप्पा…"

बाहेर प्रसादाच्या रांगेत दीड-दोनशे माणसं होती. "मोरया!" सगळी गरजली.

आत क्षणभर शांतता. मुलगा बहुधा दचकला. पण साबण हाताला होता.

"मंगलमूर्ती…"

"मोरया!"

सरांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटं मोजायला घेतली, चिंधी बांधलेलं बोट धरून. रांग आता रंगात आली होती, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, कुणी ताशावर काठी मारली. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं. चौथ्यांदा झालं. मग पाणी सोडल्याचा आवाज आला आणि थांबला. रांग हात वर करून पाचव्या गजराची वाट बघत तशीच उभी राहिली.

सरांनी डोळे उघडले. चिंधीचं बोट तेवढं मोजायचं राहिलं होतं.

"चारच," ते म्हणाले, आणि खिशातून वही काढली. "एक मार्क कापला."